चेहऱ्यांत ‘फिलर’ घेण्यापूर्वीं काय जाणावें ?

आपलें रूप नीटनेटकें ठेवावें असें स्त्रीपुरुषांस वाटणें यांत गैर कांहींच नाहीं. आपल्या पूर्वजांनीं प्रसाधनाला चौसष्ट कलांच्या यादींत स्थान दिलें आहे. परंतु प्रसाधन आणि वैद्यक यांच्यामध्यें एक सीमारेषा आहे, आणि ती आपल्या त्वचेवरूनच जाते. उटणें, तेल, गंध हीं त्वचेच्या बाहेर राहतात. नकोशीं झालीं तर पाण्यानें धुवून टाकतां येतात. सुई त्वचेच्या आंत जाते. ज्या क्षणीं ती आंत शिरली, त्या क्षणीं प्रसाधन संपलें व वैद्यक सुरू झालें. ‘डर्मल फिलर’ या नांवानें गेल्या वीस-बावीस वर्षांत रूढ झालेला उपचार हें प्रसाधनाच्या वेषांत वावरणारें वैद्यकच होय. एवढी एक गोष्ट मनांत पक्की ठसली म्हणजे पुढची बहुतेक सावधगिरी आपोआप सुचते.

प्रस्तुत लेखक वैद्य नाहीं. जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहे. परंतु जुन्या विद्यार्थिनी, आणि आतां त्यांच्या मुलीहि, या उपचाराविषयीं विचारूं लागल्या, म्हणून जाणत्या डॉक्टरांकडून व विश्वसनीय ग्रंथांतून जें समजून घेतलें तें येथें मांडीत आहें. उपचार घ्यावा कीं घेऊं नये हा ज्याचा त्याचा प्रश्न. न जाणतां मात्र घेऊं नये, इतकेंच सांगणें आहे.

हें द्रव्य काय आहे ?

वय वाढूं लागलें म्हणजे चेहऱ्याच्या त्वचेखालील चरबी कमी होते, हाडांचा आधार झिजतो व त्वचा पातळ होते. गाल बसतात, डोळ्यांखालीं खळगे दिसूं लागतात, नाकापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत घडी पडते. या पोकळ्या आंतून भरून काढणारें जें द्रव्य तें फिलर. ओठ फुगीर दिसावेत किंवा नाक सरळ दिसावें म्हणूनहि तें टोचतात. ‘बोटॉक्स’ हें याहून निराळें. तें स्नायूंस कांहीं महिने शिथिल करतें व त्यामुळें कपाळावरील आठ्या मावळतात. तें कोठेंहि भर घालीत नाहीं. पुष्कळांच्या बोलण्यांत या दोहोंची गल्लत होते, म्हणून आरंभींच हा भेद सांगितला.

आज सर्वांत अधिक वापरलें जाणारें फिलर हायलुरॉनिक ॲसिडचें असतें. हा पदार्थ १९३४ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील कार्ल मायर व जॉन पामर यांनीं गाईच्या डोळ्यांतील पारदर्शक रसांतून प्रथम वेगळा काढला. ग्रीक भाषेंत ‘हायलॉस’ म्हणजे कांच. त्यावरून हें नांव पडलें. मनुष्याच्या शरीरांत तो स्वभावतःच असतो. सत्तर किलो वजनाच्या माणसांत तो सुमारें १५ ग्रॅम भरतो, व त्यांतला जवळजवळ निम्मा वाटा त्वचेंत असतो. पाणी धरून ठेवणें हा त्याचा मुख्य गुण.

जाहिरातींतून ‘हें तर शरीरांतलेंच नैसर्गिक द्रव्य’ असें जें सांगतात त्याचा आधार हा. परंतु हें अर्धेंच सत्य आहे. शरीर हा पदार्थ सतत मोडीत व नव्यानें घडवीत असतें; त्याचा सुमारें एक-तृतीयांश भाग रोज बदलतो. तो तसाच शुद्ध स्वरूपांत टोचला तर थोड्या दिवसांत नाहींसा होईल. म्हणून जंतूंच्या साहाय्यानें आंबवून तयार केलेल्या या द्रव्याचे धागे कारखान्यांत एका रसायनानें परस्परांस जखडून टाकतात, व त्याचें घट्टसर जेल बनवितात. तें साधारणतः सहा ते अठरा महिने टिकतें असें सांगण्यांत येतें. तथापि कांहीं माणसांच्या चेहऱ्याच्या एमआरआय चित्रांत तें अनेक वर्षांनंतरहि आढळलें आहे. म्हणजे ‘वर्षभरांत सारें विरून जाईल’ हें आश्वासन कोणीं अक्षरशः धरून चालूं नये.

एका पिचकारींत बहुधा एक मिलिलीटर द्रव्य असतें. चहाच्या एका चमच्यांत अशा पांच पिचकाऱ्या मावतील. एवढ्याशा द्रव्यानें चेहऱ्याची ठेवण बदलते, यावरूनच हात किती बेताचा हवा याची कल्पना यावी.

या द्रव्याचा एक मोठा गुण असा कीं, त्याला उतारा आहे. हायलुरोनिडेज नांवाचें औषध टोचलें असतां तें विरघळतें. परंतु सर्वच फिलर या जातीचीं नसतात. हाडांतील खनिजासारख्या कॅल्शियमच्या क्षाराचें एक असतें, पॉली-लॅक्टिक ॲसिडचें दुसरें असतें, आणि ॲक्रिलिकच्या सूक्ष्म मण्यांचें तिसरें तर कायमचेंच राहतें. यांवर हा उतारा चालत नाहीं. ‘कायम टिकणारें’ हा शब्द विक्रेत्याच्या तोंडीं गुणवाचक असला, तरी चूक झाल्यास तीहि कायमच टिकणार हें विसरूं नये.

मागचा इतिहास

चेहऱ्यांत भर घालण्याचा हा पहिलाच प्रयत्न नव्हे. १८९३ सालीं जर्मनींतील फ्रान्झ नॉयबर यांनीं दंडांतील चरबी काढून चेहऱ्यावरील खळगे भरले. १८९९ सालीं व्हिएन्ना येथील रॉबर्ट गेर्सुनी यांनीं पॅराफिन, म्हणजे मेणासारखा खनिज पदार्थ, शरीरांत टोचून भर घालण्याचा प्रयोग केला, व लवकरच श्रीमंतांत त्याचें वेड पसरलें. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची विख्यात सुंदरी. आपलें नाक मूर्तीप्रमाणें सरळ दिसावें म्हणून तिनें तारुण्यांतच त्यांत पॅराफिन भरून घेतलें. तें पुढें हनुवटीकडे सरकलें, आणि जिच्या रूपाची युरोपभर ख्याति होती तिला विद्रूप चेहऱ्यानें उरलेलें आयुष्य काढावें लागलें. त्यानंतर द्रवरूप सिलिकोन आलें. त्यानेंहि वर्षांनुवर्षांनीं गांठी व व्रण उत्पन्न केले. चेहऱ्याची ठेवण बदलण्यासाठीं तें टोचण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता नाहीं. १९८१ सालीं गाईच्या कातड्यापासून काढलेल्या कोलॅजनास त्या प्रशासनानें मान्यता दिली. परंतु शेंकडा तीन ते पांच लोकांस तें सोसत नसे, म्हणून आधीं हातावर टोचून चार आठवडे वाट पाहावी लागे. हायलुरॉनिक ॲसिडच्या फिलरला तेथें मान्यता मिळाली ती २००३ च्या डिसेंबरांत.

या इतिहासाचें तात्पर्य असें कीं, यांतील प्रत्येक द्रव्य प्रथम निर्धोक म्हणूनच पुढें आलें. आजचीं द्रव्यें पूर्वींच्या मानानें खरोखरच पुष्कळ सुरक्षित आहेत. परंतु ‘नवें आहे म्हणून उत्तम’ या युक्तिवादावर विसंबून चेहरा कोणाच्या हवालीं करूं नये.

सुई कोठें जाते ?

टोचल्यावर दोन-चार दिवस सूज येणें, आठ-पंधरा दिवस काळेंनिळें राहणें हें सामान्य आहे. क्वचित् गांठ राहते, द्रव्य फार उथळ राहिल्यास त्वचेंतून निळसर झांक दिसते, जंतुसंसर्ग होतो, ओठांवर पूर्वीं नागीणवजा फोड येत असतील तर ते पुन्हा उठतात. कांहींना महिन्यांनीं, एखाद्या आजारानंतर, त्या जागीं सूज येते. २०२० च्या अखेरीस मॉडर्ना कंपनीच्या कोविड लसीच्या चाचणींत फिलर घेतलेल्या थोड्या व्यक्तींस अशी सूज आली होती, व ती उपचारानें उतरली. यामुळें कोणी लस नाकारूं नये. डॉक्टरांस आपण फिलर घेतल्याचें सांगावें, इतकाच याचा अर्थ.

खरें भय निराळेंच आहे. चेहऱ्याच्या त्वचेखालीं रोहिणींचें, म्हणजे शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या नळ्यांचें, दाट जाळें आहे. भिवयांमधल्या जागेंतील, कपाळावरील व नाकावरील रोहिणी डोळ्यास रक्त पुरविणाऱ्या रोहिणीस आंतून जोडलेल्या आहेत. सुईचें टोंक चुकून रोहिणींत शिरलें व जोरानें द्रव्य दाबलें गेलें, तर तें प्रवाहाच्या उलट दिशेनें मागें जातें, आणि दाब सुटतांच पुढें वाहून डोळ्याच्या पडद्याच्या बारीक वाहिन्यांत अडकतें. पडद्यास रक्त न मिळाल्यास तासा-दीड तासांतच भरून न येणारी हानि होते. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत चरबी किंवा फिलर टोचल्यानंतर दृष्टि बाधल्याचीं जगभरांतील ९८ प्रकरणें एकत्र केलीं होतीं. २०१९ च्या आढाव्यांत आणखी ४८ ची भर पडली. सर्वांत अधिक प्रकरणें भिवयांमधल्या जागेचीं व नाकाचीं होतीं. जगभर लाखों लोक हा उपचार घेतात, त्या मानानें ही संख्या अगदीं अल्प आहे हें खरें. परंतु ज्याचा डोळा जातो त्यास या प्रमाणाचें काय समाधान ?

रोहिणी त्वचेकडे जाणारी असेल तर तेथील त्वचा मरूं लागते. त्याच्या खुणा घरच्या मंडळींनींहि पाठ कराव्यात. टोचल्याबरोबर किंवा पुढील कांहीं तासांत त्वचा एकदम पांढरी पडणें. नंतर तीवर जाळीसारखे जांभळट डाग उमटणें. नेहमींपेक्षां फार तीव्र किंवा वाढत जाणारी वेदना. दिसण्यांत अंधुकपणा अथवा डोळ्यांत कळ. बोलतांना जीभ अडखळणें. शरीराच्या एका बाजूची शक्ति जाणें. यांपैकीं एकहि दिसल्यास ‘सकाळीं पाहूं’ म्हणूं नये. त्याच घटकेस डॉक्टरांकडे जावें. दृष्टि, वाणी किंवा शक्ति यांवर परिणाम दिसल्यास थेट मोठें रुग्णालय गांठावें. त्वचेचें रक्त अडलें असेल तर उतारा वेळेवर व पुरेशा प्रमाणांत टोचल्यानें बहुधा ती वांचते. डोळ्याच्या बाबतींत मात्र गेलेली दृष्टि परत येण्याची खात्री कोणीच देऊं शकत नाहीं.

हात कोणाचा ?

चेहरा दुरुस्त करण्याची विद्या आपल्या देशास नवी नाहीं. सुश्रुतसंहितेंत तुटलेलें नाक पुन्हा घडविण्याचा विधि आहे. इंग्रजांच्या चाकरींतील कावसजी नांवाच्या एका गाडीवानाचें नाक टिपूच्या लोकांनीं कापलें होतें. तें पुण्याजवळ कपाळाची त्वचा घेऊन एका देशी कारागिरानें नव्यानें बसविलें, आणि १७९४ सालीं त्याची हकीगत लंडनच्या मासिकांत सचित्र छापली गेली. त्याच सुश्रुतानें शिष्यानें रोग्यास हात लावण्यापूर्वीं काय करावें हेंहि सांगून ठेवलें आहे. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या भोपळा अशा फळांवर करावा. शिरेचा वेध करण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर व कमळाच्या देंठावर करावा. शास्त्र शिकून, असा सराव करून, राजाची अनुज्ञा घेतल्यावरच वैद्यानें व्यवसायास बाहेर पडावें, असा त्याचा दंडक आहे. चरकानें तर वैद्यांचे तीन वर्ग सांगितले आहेत : नुसता वेष धारण करणारे, थोरामोठ्यांच्या नांवावर मोठे म्हणविणारे, आणि खरे प्राणरक्षक. भिंतीवर नटनट्यांसमवेत काढलेलीं छायाचित्रें लावून बसलेल्यांचा समावेश यांपैकीं कोणत्या वर्गांत करावा हें वाचकच ठरवूं शकतील.

हा जुना दंडक आजहि लागू आहे, केवळ राजाच्या जागीं कायदा आला आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगानें २०२२ सालीं सौंदर्योपचारांविषयीं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, कार्यशाळेंत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेलें शिक्षण अशा उपचारास पुरेसें नाहीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. त्वचारोगशास्त्र किंवा प्लॅस्टिक सर्जरी यांची पदव्युत्तर पदवी आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. डॉक्टरांच्या नांवाची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहींत पडताळतां येते, व त्यांत कोणाचा अपमान होत नाहीं. सुई नसलेल्या, दाबानें द्रव्य आंत ढकलणाऱ्या ‘पेन’विषयीं अमेरिकेच्या त्याच प्रशासनानें २०२१ च्या ऑक्टोबरांत इशारा दिला आहे, असलें यंत्र घरीं आणून स्वतःवर चालविणें म्हणजे निव्वळ अविचार होय. तसेंच दोघी-तिघी मैत्रिणींनीं मिळून एकच पिचकारी वाटून घेण्याची जी काटकसर कानीं येते, तिच्यामुळें रक्तांतून पसरणारे रोग एकीचे दुसरीस लागूं शकतात.

आपली प्रकृति

गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं हा उपचार पुढें ढकलावा. त्वचेवर पुरळ, गळूं किंवा संसर्ग असेल, दांत दुखत असतील, तर तें आधीं बरें करावें. दांतांचें काम व फिलर यांत पंधरवड्याचें अंतर ठेवावें. शरीराचें संरक्षकदळच उलटून शरीरावर हल्ला करतें असे संधिवातासारखे विकार, पूर्वींची तीव्र ॲलर्जी, बधिरतेच्या औषधाची किंवा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी हें सर्व आधींच सांगावें. (मधमाशीच्या विषांतहि हायलुरोनिडेज असतें, म्हणून ही शेवटची गोष्ट उताऱ्याच्या दृष्टीनें महत्त्वाची.) ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, माशाचें तेल, ई जीवनसत्त्व, लसणीच्या गोळ्या यांनीं काळेंनिळें होण्याचें प्रमाण वाढतें. परंतु हृदयविकारासाठीं रक्त पातळ ठेवणारें औषध चालूं असेल, तर तें देणाऱ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून एक दिवसहि बंद करूं नये. रूपासाठीं हृदय धोक्यांत घालणें हें कोणत्याहि हिशेबानें शहाणपण नव्हे.

इच्छा कोणाची ?

गतवर्षीं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलीचें लग्न ठरलें. मुलाकडील कोणीतरी छायाचित्र पाहून “डोळ्यांखालीं जरा काळं दिसतं” असें म्हणालें. पार्लरमध्यें लग्नाच्या ठरावीक रकमेंतच डोळ्यांखालीं फिलर घालून देण्याचें कबूल झालें. दिवस राहिले होते नऊ. आईनें मला फोन केला. मी म्हटलें, “तीनच गोष्टी विचारून ये. टोचणार कोण, द्रव्य कोणतें, आणि बिघडलं तर उतारा जवळ आहे का ?” दुसऱ्या दिवशीं ती म्हणाली, “सर, ती बाई हंसली. ‘काकू, एवढं कुणीच विचारत नाही,’ म्हणाली.” मग मायलेकी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. त्यांनीं सांगितलें कीं, येथें खळगा नाहींच. त्वचेचा रंगच तेवढा गडद आहे, व भर घातल्यास फुगवटा येऊन अधिक वाईट दिसेल. मुलगी मला म्हणाली, “आजोबा, मला स्वतःला हे कधी खटकलंच नव्हतं.”

तिचें हें वाक्य प्रत्येक घरानें ऐकण्यासारखें आहे. पन्नाशींतील एखाद्या स्त्रीस आपले बसलेले गाल भरून यावेत असें मनापासून वाटलें, तिनें चौकशी केली, स्वतःचे पैसे खर्चिले, तर तिला नांवें ठेवण्याचा अधिकार कोणास नाहीं. एचआयव्हीच्या विकारांत चेहरा ओढल्यासारखा होऊन लोकांत जाणें नको वाटणाऱ्या रुग्णांसाठीं अमेरिकेंत २००४ सालीं अशा एका फिलरला मान्यता मिळाली. त्यांस याचा मोठाच आधार झाला. परंतु वीस-बावीस वर्षांच्या मुलीस दुसऱ्यांच्या शेऱ्यासाठीं सुईखालीं बसविणें हा प्रकार वेगळा. इंग्लंडांत १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलांस सौंदर्यासाठीं फिलर टोचणें हा गुन्हा ठरला आहे. मोबाइलच्या छायाचित्रांवरहि फार विसंबूं नये. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, बारा इंचांवरून काढलेल्या छायाचित्रांत नाक पांच फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या मानानें सुमारें ३० टक्के अधिक रुंद भासतें. दोष बहुधा कॅमेऱ्याच्या अंतराचा असतो, आणि शिक्षा मात्र नाकास होते. आरशांत दिवसचे दिवस तोच एक दोष दिसत राहिला व दुसऱ्या कोणास तो दिसत नसला, तर तो मनाचा विकार असूं शकतो. त्यावर मानसोपचारच हवा. असा रोगी आला असतां सुई बाजूस ठेवून त्यास परत पाठवितो तो डॉक्टर विश्वासास पात्र समजावा.

खुर्चीवर बसण्यापूर्वीं

वरील विवेचनाचा उपयोग व्हावा म्हणून विचारावयाचे प्रश्न येथें एकत्र देतों :

१. आपली पदवी कोणती, नोंदणी क्रमांक काय, व स्वतः आपणच टोचणार ना ?
२. द्रव्याचें नांव काय ? तें विरघळणाऱ्या जातीचें आहे काय ?
३. सीलबंद खोका माझ्यासमोर उघडाल काय ? मुदत संपण्याची तारीख दाखवून, त्यावरील क्रमांकाची चिठ्ठी मला द्याल काय ?
४. हायलुरोनिडेज या घडीला येथें आहे काय ? तें मागवावें लागणार असेल तर उठून घरीं यावें.
५. रात्रीं कांहीं झालें तर कोणास फोन करावयाचा ? डोळ्याचा तज्ज्ञ कोठें आहे ?
६. एकंदर खर्च किती, व तो किती महिन्यांनीं पुन्हा करावा लागेल ?

संमतिपत्र घरीं नेऊन वाचावें. २००८ सालच्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें आहे कीं, उपचाराचें स्वरूप, त्याचे धोके व त्यास असलेले पर्याय रुग्णास समजावून सांगितल्यावर दिलेली संमतीच खरी संमति, आणि एका उपचाराची संमति दुसऱ्या उपचारास लागू होत नाहीं. म्हणून गालासाठीं सही केली असतां ‘उरलेलें ओठांत घालतों’ असें कोणी म्हणालें तर निःशंकपणें नाहीं म्हणावें. पहिल्याच भेटींत उपचार घेऊं नये. घरीं कार्य असेल तर निदान महिनाभर आधीं घ्यावा, म्हणजे सूज व डाग निघून जातात. टोचल्यावर एक-दोन दिवस व्यायाम, मद्य, अति उष्णता टाळावी. डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून ती जागा चोळूं नये, व पुढचे पंधरा दिवस चेहऱ्यास मालीश करवूं नये.

इतकें सर्व विचारल्यावर कोणी रागावलें तर तेथून निघून यावें. जो खरा वैद्य आहे त्याला हे प्रश्न आवडतील. कारण ते त्यानें स्वतःस आधींच विचारलेले असतात.